मंदावत्या प्रकाशाचा पाठलाग

९ ऑक्टोबर २०२२. कोजागरीची संध्याकाळ. ६ वाजून ४७ मिनिटांनी गॅमा किरणांचा एक लोंढा पृथ्वीवर येऊन आदळला. तो इतका जोरदार होता की अवकाशातल्या अनेक उपग्रहांच्या यंत्रांची मोजण्याची ताकदच काही काळ संपली. विजांची नोंद करणाऱ्या भारतातल्या यंत्रांनाही तो जाणवला. वातावरणाचा वरचा विद्युतभारित थर, म्हणजे आयनांबर, काही तास विस्कळीत राहिलं. मोजमापं सुरू झाल्यापासून इतका तेजस्वी गॅमा किरण स्फोट कुणी नोंदवलेला नव्हता. असा स्फोट दहा हजार वर्षांत एखादाच वाट्याला येतो, असं पुढे हिशेबाअंती निघालं.

सोलापूरकरांसाठी या घटनेत एक खास गोष्ट आहे. ते किरण शर नावाच्या चिमुकल्या तारकासमूहाच्या दिशेने आले. श्रवण तारा आणि हंसाची चोच यांच्या मधल्या पट्ट्यात हा तारकासमूह शोधावा लागतो. स्फोटाच्या जागेची क्रांती उत्तर १९.८ अंश आणि सोलापूरचा अक्षांश १७.७ अंश. त्या दिवसाची आणि त्या वेळेची आकडेमोड केली, तर किरण पोचले त्या क्षणी ती जागा सोलापूरच्या खस्वस्तिकापासून जेमतेम पाच-साडेपाच अंशांवर होती. हात लांब करून धरलेल्या तीन बोटांएवढं हे अंतर. म्हणजे माणसाने नोंदवलेला सर्वांत तेजस्वी गॅमा किरण स्फोट सोलापूरच्या जवळजवळ डोक्यावरून आला, आणि तोही सूर्य मावळून अर्धा-पाऊण तास झालेला असताना.

गॅमा किरण डोळ्यांना दिसत नाहीत आणि वातावरण त्यांना वरच अडवतं. पण असा स्फोट आपल्यामागे साधा, दुर्बिणीतून टिपता येणारा प्रकाशही ठेवून जातो. त्याला आफ्टरग्लो म्हणतात. तो उजळतो आणि लगेच मंदावू लागतो. तासाभरात, दिवसभरात, आठवड्याभरात त्याचं तेज कसं उतरत गेलं, यातूनच स्फोटाची सारी हकिगत वाचावी लागते. म्हणून आफ्टरग्लो एकदा सापडून भागत नाही. तो विझेपर्यंत मोजत राहावं लागतं, आणि या कामात भारताच्या रेखांशावरच्या आकाशाला मोठं मोल आहे.

तीस वर्षांचं कोडं

गॅमा किरण स्फोट सापडले ते खगोलशास्त्रज्ञांना नव्हे. १९६३ साली वातावरणात आणि अवकाशात अणुचाचण्या न करण्याचा करार झाला. तो पाळला जातोय का, हे बघायला अमेरिकेने ‘वेला’ नावाचे उपग्रह सोडले. अणुस्फोटातून निघणारे गॅमा किरण टिपणं हे त्यांचं काम. २ जुलै १९६७ रोजी त्यांनी एक झोत नोंदवला, पण तो अणुबाँबसारखा नव्हता. पुढे असे आणखी झोत मिळत गेले. ते पृथ्वीवरूनही येत नव्हते आणि सूर्याकडूनही. लॉस अलामोसच्या रे क्लेबेसाडेल, इयन स्ट्राँग आणि रॉय ओल्सन यांनी १९७३ मध्ये अशा सोळा स्फोटांची माहिती प्रसिद्ध केली आणि खगोलशास्त्राला एक नवं कोडं मिळालं.

कोड्याचं मूळ अंतरात होतं. तेजस्वी वस्तू जवळ आहे म्हणून तेजस्वी दिसते, की मुळातच प्रचंड आहे, हे अंतर कळल्याशिवाय सांगता येत नाही. गॅमा किरण नेमके कुठून आले हे त्या काळची यंत्रं अंशांच्या भाषेत सांगायची. चंद्रबिंब आकाशात अर्ध्या अंशाचं असतं. चार-पाच अंशांच्या तुकड्यात तारे आणि दीर्घिका हजारोंनी सापडतात. त्यातली नेमकी कुठली, कसं सांगणार? १९९१ मध्ये सोडलेल्या कॉम्प्टन वेधशाळेवरच्या ‘बॅट्सी’ या उपकरणाने नऊ वर्षांत २,७०४ स्फोट टिपले. ते आकाशात सगळीकडे सारखे विखुरलेले निघाले. आकाशगंगेच्या पट्ट्यात त्यांची गर्दी नव्हती. त्यावरून ते फार दूरचे असावेत असं अनेकांना वाटू लागलं, पण पक्का पुरावा हातात नव्हता.

तो पुरावा मंदावत्या प्रकाशाने दिला. २८ फेब्रुवारी १९९७ रोजी इटली आणि नेदरलँड्स यांच्या ‘बेपोसॅक्स’ उपग्रहाने एक स्फोट टिपला आणि काही तासांतच त्या दिशेला क्ष-किरणांचा एक विझत चाललेला स्रोत शोधला. आता जागा बरीच नेमकी कळली होती. अॅम्स्टरडॅमचे यान व्हान पाराडाइस आणि त्यांचे विद्यार्थी टिटस गालामा व पॉल ग्रोट यांच्याकडे ला पाल्मा बेटावरच्या विल्यम हर्शेल दुर्बिणीतून स्फोटानंतर सुमारे २१ तासांनी घेतलेलं छायाचित्र होतं. ८ मार्चला त्यांनी त्याच जागेचं दुसरं छायाचित्र मिळवलं. दोन्ही शेजारी ठेवून पाहिली, तेव्हा पहिल्यात असलेला एकविसाव्या प्रतीचा, म्हणजे फार अंधूक, एक ठिपका दुसऱ्यात नव्हता. गॅमा किरण स्फोटाचा दृश्य आफ्टरग्लो माणसाने पहिल्यांदा पाहिला, तो असा.

त्याच वर्षी ८ मेला झालेल्या स्फोटाचा आफ्टरग्लो विझण्याआधीच हवाईमधल्या केक दुर्बिणीने त्याचा वर्णपट घेतला. कॅलिफोर्नियातल्या कॅल्टेक संस्थेच्या मार्क मेट्झगर, श्रीनिवास कुलकर्णी आणि सहकाऱ्यांना त्यात लोह आणि मॅग्नेशियमच्या शोषणरेषा मिळाल्या. त्या लाल बाजूला सरकल्या होत्या आणि किती सरकल्या त्यावरून हिशेब लागला: हा प्रकाश निघाल्याला किमान ७०० कोटी वर्षं झाली होती. तीस वर्षांचं कोडं एका वर्णपटाने सोडवलं. या कामातले श्रीनिवास कुलकर्णी कोल्हापूर जिल्ह्यातल्या कुरुंदवाडला १९५६ साली जन्मले आणि हुबळीत वाढले. पुढे पालोमार पर्वतावरून रोज रात्री आकाश पिंजून काढणाऱ्या पाहण्या त्यांनी उभ्या केल्या. २०२४ चा शॉ पुरस्कार त्यांना मिळाला, तेव्हा मिलिसेकंद पल्सारांबरोबरच गॅमा किरण स्फोटांवरच्या त्यांच्या कामाचा उल्लेख त्यात होता.

प्रकाश येतो कुठून, विझतो का

दोन सेकंदांपेक्षा जास्त टिकणारे बहुतेक स्फोट अतिजड ताऱ्यांच्या अंताचे असतात. सूर्यापेक्षा कितीतरी पट जड असलेल्या ताऱ्याच्या गाभ्यातलं इंधन संपतं, गाभा आपल्याच भाराने कोसळतो आणि तिथे कृष्णविवर जन्मतं. कोसळणारं द्रव्य त्याच्याभोवती गरगर फिरताना दोन विरुद्ध दिशांना अरुंद झोत निघतात. ते ताऱ्याचं अंग भेदून बाहेर पडतात तेव्हा त्यांचा वेग प्रकाशाच्या वेगाच्या ९९.९९ टक्क्यांच्याही वर असतो. झोताच्या आत वेगवान भाग हळू भागांवर आदळतात आणि त्यातून गॅमा किरणांचा पहिला भडका उडतो, असं सर्वसाधारण मत आहे. झोताचं तोंड आपल्याकडे असेल तरच तो भडका आपल्याला दिसतो. दोन सेकंदांच्या आतले आखूड स्फोट बहुधा दोन न्यूट्रॉन तारे एकमेकांत मिसळताना होतात.

झोत तिथे थांबत नाही. ताऱ्याभोवतीच्या विरळ वायूत तो घुसतो आणि पुढे एक धक्कालहर निर्माण होते. तिच्यातले इलेक्ट्रॉन चुंबकीय क्षेत्रात गिरक्या घेत प्रकाश टाकतात. हे सिंक्रोट्रॉन प्रारण. आफ्टरग्लो म्हणजे हाच प्रकाश. वाटेतला वायू ढकलता ढकलता लहर संथ होते, इलेक्ट्रॉनांची ऊर्जा कमी पडत जाते आणि प्रकाशाचा भर क्ष-किरणांकडून दृश्य प्रकाशाकडे, तिथून रेडिओ लहरींकडे सरकतो. त्यामुळे दृश्य प्रकाश साधारण काही दिवस ते काही आठवडे हाती लागतो, तर रेडिओ लहरी महिनोन्महिने, कधी वर्षानुवर्षं येत राहतात.

विझण्याचा नियमही ठरलेला आहे. सर्वसाधारण आफ्टरग्लोचं तेज काळाच्या व्यस्त प्रमाणात उतरतं: वेळ दहापट झाली की तेज साधारण दशांश. खगोलशास्त्रात तेज प्रतींमध्ये मोजतात. प्रतीचा आकडा जितका मोठा, तितका तारा अंधूक, आणि दहापट घट म्हणजे अडीच प्रती. समजा स्फोटानंतर एका तासाने आफ्टरग्लो सोळाव्या प्रतीचा आहे. दहा तासांनी तो साडेअठरा प्रतीचा होईल आणि शंभर तासांनी, म्हणजे चार दिवसांनी, एकविसाव्या प्रतीचा. सोळावी प्रत हौशी निरीक्षकाच्या आठ-दहा इंची दुर्बिणीला आणि चांगल्या कॅमेऱ्याला जमते. एकविसाव्या प्रतीला मोठी वेधशाळा लागते. म्हणून पहिल्या तासाचं मोल इतकं.

पहिल्या मिनिटाचं तर त्याहूनही जास्त. २३ जानेवारी १९९९ च्या स्फोटाकडे अमेरिकेतल्या ‘रॉट्सी’ या स्वयंचलित कॅमेऱ्यांच्या संचाने २२ सेकंदांत तोंड वळवलं. पहिल्या मिनिटातच तो प्रकाश जवळजवळ नवव्या प्रतीपर्यंत चढला, म्हणजे साध्या द्विनेत्रीतून दिसावा इतका. त्याच्या आफ्टरग्लोची निरीक्षणं नैनितालच्या १०४ सेंटिमीटरच्या संपूर्णानंद दुर्बिणीनेही घेतली आणि या क्षेत्रात भारताचं काम सुरू झालं. १९ मार्च २००८ च्या स्फोटाने तर कमाल केली. भूतप तारकासमूहातला तो प्रकाश ५.३ प्रतीपर्यंत पोचला. अंधाऱ्या जागी असलेल्या माणसाला तो अर्धा मिनिटभर नुसत्या डोळ्यांनी दिसला असता, आणि तो निघाला होता साडेसातशे कोटी प्रकाशवर्षांवरून. भारतात तेव्हा सकाळचे पावणेबारा वाजले होते.

ठिपका पकडायचा कसा

आता कोजागरीच्या त्या संध्याकाळकडे पाहू. फर्मी उपग्रहाने ६.४७ ला स्फोट टिपला, पण त्याचं उपकरण जागा ढोबळ सांगतं. नेमकी जागा कळली ती ‘स्विफ्ट’ वेधशाळेकडून, पाऊण तासाहून थोड्या अधिक वेळाने, ७ वाजून ४० मिनिटांनी. २००४ मध्ये सोडलेली ही वेधशाळा खास याच कामासाठी आहे. तिचं मोठ्या दृष्टिक्षेत्राचं उपकरण आधी काही कलामिनिटांत जागा सांगतं, मग यान स्वतःहून वळतं आणि क्ष-किरण व दृश्य प्रकाशाच्या दुर्बिणी ती जागा काही कलासेकंदांपर्यंत नेमकी करतात. त्या दिवशी तिला सुमारे १६.६ प्रतीचा नवा ठिपका दिसला. जागा आकाशगंगेच्या पट्ट्याजवळ असल्याने आधी वाटलं, हे आपल्याच आकाशगंगेतलं काहीतरी आहे. फर्मीची वेळ आणि दिशा जुळवल्यावर खरा प्रकार उमगला. चिलीतल्या मोठ्या दुर्बिणीने वर्णपट घेऊन रेडशिफ्ट, म्हणजे रेषांचं लाल बाजूला सरकणं, ०.१५१ ठरवलं. हा प्रकाश सुमारे दोनशे कोटी वर्षं प्रवास करून आला होता. गॅमा किरण स्फोटांच्या हिशेबात हे शेजारचंच घर.

अशी सूचना जगभर जाते ती नासाच्या जीसीएन या जाळ्यातून. त्यात दोन प्रकार असतात. एक, यंत्रांनी यंत्रांना काही सेकंदांत पाठवलेली सूचना: वेळ, विषुवांश, क्रांती, चूक किती असू शकते. दुसरं, माणसांनी लिहिलेली परिपत्रकं: आम्ही अमुक दुर्बिणीने अमुक वेळी पाहिलं, ठिपका इतक्या प्रतीचा होता. एखाद्या स्फोटाची परिपत्रकं वेळेच्या क्रमाने वाचली, की देशोदेशीच्या वेधशाळा एकमेकींच्या हाती काम कसं सोपवतात ते दिसतं.

सूचना मिळाली की निरीक्षकाचं काम सुरू होतं. दुर्बीण त्या जागी लावायची. एक लांबलचक छायाचित्र न घेता मिनिट-दोन मिनिटांची अनेक घ्यायची, कारण विमान, उपग्रह किंवा वाऱ्याच्या हिसक्याने एखादं बिघडलं तर ते वगळता येतं आणि उरलेल्यांची संगणकावर बेरीज करता येते. बेरजेत आकाशाचा गोंधळ सरासरीने कमी होतो आणि अंधूक ठिपका वर येतो. मग त्याच तुकड्याचं जुन्या आकाश-पाहणीतलं छायाचित्र घेऊन ताऱ्यावर तारा बसवायचा आणि एकातून दुसरं वजा करायचं. स्थिर तारे पुसले जातात. नवं काही असेल तर ते उरतं.

उरलेला प्रत्येक ठिपका आफ्टरग्लो नसतो. लघुग्रह अशाच फसवणुकीसाठी प्रसिद्ध आहेत. म्हणून अर्ध्या-एक तासाने पुन्हा पाहायचं. ठिपका सरकला असेल तर लघुग्रह. जागेवर राहून मंदावला असेल तर आशा धरायची. मग शेजारच्या, ज्यांची प्रत आधीच माहीत आहे अशा ताऱ्यांशी तुलना करून त्याची प्रत ठरवायची आणि छायाचित्राची मध्यवेळ नोंदवायची. वेळेशिवाय प्रतीला अर्थ नाही, कारण त्याच जागी तासाभराने आकडा वेगळा असणार आहे.

काहीच दिसलं नाही तर? तीही नोंद कामाची. ‘अमुक वेळी, अमुक प्रतीपर्यंत, या जागी काही नव्हतं’ एवढं सांगितलं तरी तेजाच्या आलेखावर एक वरची मर्यादा आखली जाते. प्रकाश किती वेगाने उतरला असेल, मध्ये धूळ असेल का, स्फोट फारच दूरचा असेल का, या अंदाजांना तिथून बळ मिळतं. कोजागरीच्या स्फोटात धुळीचा प्रश्न थेट समोर होता. तो प्रकाश आपल्याच आकाशगंगेच्या धुळीतून आला आणि चारएक प्रतींनी, म्हणजे चाळीस पट अंधूक झाला. वर पौर्णिमेचं चांदणं. हिवाळी अमावस्येच्या रात्री जे सहज जमतं, ते त्या रात्री कठीण होतं.

मंदावण्यावरून लावलेला छडा

मंदावणं हे घड्याळासारखं कसं वापरता येतं, याचं उत्तम उदाहरण महाराष्ट्रातल्या शास्त्रज्ञांनी २०१७ मध्ये जगापुढे ठेवलं. ४ जानेवारी २०१७ रोजी दुपारी, आपल्या वेळेप्रमाणे पावणेचारच्या आत, अमेरिकेतल्या लायगो यंत्रांनी दोन कृष्णविवरं एकत्र आल्याच्या गुरुत्वीय लहरी टिपल्या. लहरी कुठून आल्या तो आकाशाचा पट्टा मोठा होता. सुमारे २३ तासांनी हवाईतल्या ‘अॅटलास’ दुर्बिणीला त्याच पट्ट्यात झपाट्याने मंदावणारा एक ठिपका सापडला. खळबळ उडाली. दोन कृष्णविवरांच्या मीलनातून प्रकाश निघतो, असं ठरलं असतं तर भौतिकशास्त्राच्या कल्पनांना मोठा हादरा बसला असता.

उत्तर अॅस्ट्रोसॅटने दिलं. २८ सप्टेंबर २०१५ रोजी इस्रोने सोडलेल्या या उपग्रहावर सीझेडटीआय नावाचं क्ष-किरण उपकरण आहे. त्यामागे मुंबईची टाटा मूलभूत संशोधन संस्था आणि पुण्याची आयुका यांचं मोठं काम आहे. चालू होताच ६ ऑक्टोबर २०१५ ला त्याने पहिला गॅमा किरण स्फोट नोंदवला आणि नोव्हेंबर २०२३ पर्यंत हा आकडा ६०० वर गेला. लायगोच्या घटनेच्या क्षणी त्या पट्ट्याचा निम्मा भाग त्याच्या नजरेत होता आणि तिथे काहीही चमकलं नव्हतं. मात्र सुमारे २० तासांनी, ५ जानेवारीला दुपारी पावणेबाराच्या सुमारास, त्याने एक साधा, दोन सेकंदांपेक्षा जास्त टिकणारा गॅमा किरण स्फोट नोंदवला होता. अॅटलासच्या ठिपक्याचं तेज वेगवेगळ्या लहरलांबींत मोजून मागे हिशेब केला, तर तो ठिपका या दुसऱ्या स्फोटाचाच आफ्टरग्लो ठरत होता. कृष्णविवरांशी त्याचा संबंध नव्हता. दोन घटना आकाशात योगायोगाने एकाच बाजूला आल्या होत्या. आयआयटी मुंबईचे वरुण भालेराव, टाटा संस्थेचे ए. आर. राव, आयुकाचे दीपंकर भट्टाचार्य आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे सिद्ध केलं. चुकीचा निष्कर्ष शास्त्रात रुजण्याआधी खुडला गेला.

दुसरं उदाहरण २९ मार्च २००३ चं, सिंह तारकासमूहातलं. आपल्या संध्याकाळी पाच वाजून सात मिनिटांनी झालेला हा स्फोट जवळचा होता आणि आफ्टरग्लो इतका उजळ की हौशी निरीक्षकांनीही तो टिपला. पुढच्या दिवसांत तो मंदावत गेला आणि त्याच्या आडून एका सुपरनोव्हाचा वर्णपट वर आला. लांब स्फोट हे ताऱ्यांच्या मृत्यूचे असतात, याचा सर्वांत भक्कम पुरावा तो. आफ्टरग्लो मंदावल्याशिवाय तो दिसलाच नसता. नारायणगावजवळच्या खोडद इथल्या जीएमआरटीने या स्फोटाच्या रेडिओ लहरींचा माग दीर्घकाळ ठेवला. झोताची लहर प्रकाशाच्या वेगापासून उतरून संथ होईपर्यंतची वाटचाल त्यातून अभ्यासता आली.

तिसरं उदाहरण चिकाटीचं आहे. लडाखमध्ये हान्ले इथे, साडेचार हजार मीटर उंचीवर, आयआयटी मुंबई आणि भारतीय ताराभौतिकी संस्था यांची ७० सेंटिमीटरची ‘ग्रोथ इंडिया’ दुर्बीण आहे. ही भारतातली पहिली पूर्ण स्वयंचलित संशोधन दुर्बीण. ४ फेब्रुवारी २०२१ च्या स्फोटाचा आफ्टरग्लो तिने आणि इतरांनी महिनाभर सोडला नाही. नेहमीप्रमाणे उतरत असलेला प्रकाश सुमारे नऊ दिवसांनी मध्येच उसळला आणि तेरा दिवसांच्या आसपास पुन्हा. इतक्या उशिरा आलेली उसळी तोवर कुठल्याच आफ्टरग्लोत नोंदली गेली नव्हती. मागून आलेला झोताचा वेगवान भाग पुढच्या संथ लहरीला गाठून नवी ऊर्जा देतो, हे तिचं सर्वांत पटणारं कारण. पाचव्या दिवशी सगळ्यांनी पाठ फिरवली असती तर हे कुणालाच कळलं नसतं.

आपला रेखांश, आपली रात्र

स्फोट रात्र-दिवस बघून होत नाहीत. हवाईत सूर्य उगवला की तिथली दुर्बीण थांबते, चिलीत ढग आले की तिथली. आलेखात खंड पडू नये म्हणून काम पश्चिमेकडे सरकत जायला हवं आणि या साखळीत भारताच्या जागी दुसरं काही ठेवता येत नाही. पूर्वेला ऑस्ट्रेलिया आणि जपान, पश्चिमेला आफ्रिका आणि युरोप. मधल्या तासांची रात्र आपली असते.

सोलापूर ७५.९ अंश पूर्व रेखांशावर आहे आणि हान्ले सुमारे ७९ अंशांवर. तारा हान्लेच्या मध्यमंडलावरून गेला की बाराएक मिनिटांत तो सोलापूरच्या मध्यमंडलावर येतो. म्हणजे लडाखची स्वयंचलित दुर्बीण ज्या तासांत काम करते, त्याच तासांत सोलापूरचं आकाशही मोकळं असतं. शिवाय सोलापूर सुमारे पंधरा अंश अक्षांशांनी जास्त दक्षिणेला. दक्षिण गोलार्धातले जे स्फोट हान्लेहून क्षितिजाला टेकलेले दिसतात, ते इथून चांगले वर येतात.

पर्जन्यछायेचा जिल्हा म्हणून सोलापूरने पाण्यासाठी खूप सोसलं आहे. पण पावसाळ्याचे महिने सोडले तर तेच कोरडं हवामान निरीक्षकाला मोकळ्या रात्री देतं. शहरात दिव्यांचा उजेड भारी पडतो. मंगळवेढा, सांगोला, करमाळ्याच्या माळरानांवर अजूनही बऱ्यापैकी अंधार आहे. दहा-बारा इंची दुर्बीण, ताऱ्यांचा पाठलाग करणारी मोटारीची बैठक, थंड ठेवलेला कॅमेरा आणि इंटरनेट एवढ्या सामग्रीवर, दहा-पंधरा मिनिटांच्या छायाचित्रांची बेरीज करून, सतराव्या-अठराव्या प्रतीपर्यंत पोचता येतं. तेजस्वी स्फोटांच्या पहिल्या काही तासांना एवढं पुरतं. कोजागरीच्या स्फोटाची जागा कळली तेव्हा ती सोलापूरच्या आकाशात अजून उंचावर होती आणि मध्यरात्रीनंतरच मावळणार होती.

हे हौशी लोकांना जमतं याचा दाखला आहे. जुलै २००३ मध्ये दक्षिण आफ्रिकेत प्रिटोरियाजवळच्या आपल्या खासगी वेधशाळेतून बेर्टो मोनार्ड यांनी ३० सेंटिमीटरच्या दुर्बिणीने एका स्फोटाचा आफ्टरग्लो जगात सर्वांत आधी शोधला. हौशी निरीक्षकाने आफ्टरग्लो शोधण्याची ती पहिलीच वेळ. त्यांच्याकडे मोठी दुर्बीण नव्हती. योग्य वेळी अंधार आणि आधीपासूनची तयारी होती.

ही तयारी एका रात्रीत होत नाही. आधी रूपविकारी ताऱ्यांचं तेज मोजायला शिकावं, लघुग्रहांचं स्थान अचूक ठरवता यावं, एकाच तुकड्याची छायाचित्रं महिनोन्महिने जमवून वजाबाकी करून बघावी. मापांतली चूक किती हे प्रामाणिकपणे लिहायची सवय लागावी. महाविद्यालयांचे भौतिकशास्त्र विभाग, सोलापूर विज्ञान केंद्र, गावोगावचे आकाशप्रेमी यांनी मिळून असा एक लहान गट बांधला, तर विद्यार्थ्यांना पाठ्यपुस्तकातली प्रत, वर्णपट, घातांक ही सगळी मंडळी खऱ्या आकाशात भेटतील.

पुढची काही वर्षं या कामाला अनुकूल आहेत. हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ लायगो-इंडिया उभी राहत आहे. केंद्र सरकारने २०२३ मध्ये तिला २,६०० कोटी रुपयांची मंजुरी दिली. ती चालू झाली की गुरुत्वीय लहरींची जागा आजच्यापेक्षा बरीच नेमकी सांगता येईल. १७ ऑगस्ट २०१७ ला दोन न्यूट्रॉन तारे एकत्र आले तेव्हा जगभरच्या दुर्बिणी एका दीर्घिकेकडे वळल्या आणि सोन्यासारखी जड मूलद्रव्यं कुठे घडतात याचा पुरावा मिळाला. तसे प्रसंग वाढतील. आयआयटी मुंबईच्या पुढाकाराने ‘दक्ष’ या दोन उपग्रहांच्या मोहिमेचा प्रस्तावही तयार आहे. गॅमा किरण स्फोटांसाठी सारं आकाश सतत नजरेखाली ठेवणं हा तिचा हेतू. वरून इशारे वाढतील, तसे खालून डोळेही वाढायला हवेत.

कोजागरीच्या त्या रात्री जो प्रकाश डोक्यावर आला, तो पुन्हा येणार नाही. पण उपग्रहांना सरासरी दिवसाला एखादा स्फोट मिळतो आणि त्यातले काही आपल्या रात्रीत, आपल्या आकाशात पडतात. त्यातल्या एखाद्याच्या आलेखावर, दोन मोठ्या वेधशाळांच्या नोंदींमधल्या रिकाम्या तासांत, सोलापूर जिल्ह्यातल्या एखाद्या माळावरून घेतलेली एक प्रत, तिची वेळ आणि तिची चूक यांच्यासह, बसू शकते. त्यासाठी लागणारं ज्ञान खुलं आहे, इशारे फुकट मिळतात आणि आकाश आपल्या वाट्याला आलेलंच आहे. आता शिकायला सुरुवात करायची, एवढंच राहिलं आहे.